दहा बोटांचा माणूस

आबा, तुमची बोटं मी मोजली. दहाच्या दहा होती.

तुम्हाला न्यायच्या सकाळी दारात पाट मांडून अंघोळ घातली, तेव्हा चुलत्यांनी मला हटकलं. "पोरींनी पुढं यायचं नसतं गं." मी तांब्या सोडला नाही. तुमचा उजवा हात उचलला, मग डावा. करंगळीपासून अंगठ्यापर्यंत मोजत गेले. आजी असती तर हे काम तिचं होतं. जन्मभर तिनं तेच केलं. शिफ्ट सुटून आलात की चप्पल काढायच्या आधी तुम्ही उंबऱ्याबाहेर उभं राहून दोन्ही पंजे वर धरायचात. आजी नजरेनं मोजायची आणि मगच पाणी पुढं करायची. कासारवाडीच्या आपल्या चाळीत ज्या घरातला माणूस प्रेसवर होता, त्या प्रत्येक दारात हे चालायचं. मला वाटायचं सगळ्याच घरांत माणसं अशी घरी येतात. शाळेतल्या मैत्रिणीचे वडील बँकेतून आले आणि सरळ आत जाऊन सोफ्यावर बसले, तेव्हा मी विचारलं होतं, "काकांनी हात नाही दाखवले?"

ज्यांनी प्रेस पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. पत्र्याला आकार देणारं मशीन ते. खाली एक साचा, वर एक साचा, आणि वरचा खाली आदळतो. मध्ये पत्रा असेल तर बिजागरी होते, गाडीच्या दाराचा तुकडा होतो. मध्ये हात असेल तरी मशीन थांबत नाही. त्याला फरक कळत नाही.

त्या मशीनवर तुम्ही उभी हयात काढलीत आणि अख्खे गेलात. म्हणून लोक तुम्हाला दहा बोटांचा माणूस म्हणायचे. लग्नात, साखरपुड्यात, कुणाच्या वास्तुशांतीला ओळख करून देताना आधी बोटं, मग नाव. तुम्हाला ते आवडायचं. पंजे पसरून दाखवायचात.

तुम्हाला उचलायला तुमचे चार जुने सोबती पुढं झाले. तिरडीच्या बांबूवरून एकाची पकड सारखी सुटत होती. धरायला त्याच्याकडं अंगठा आणि एकच बोट. तरी तो बाजूला होईना. "सोपानला मीच न्हेणार," म्हणत होता.

त्याला पाचर तुम्हीच दिली होती, आबा.

चौकात तुमचा फ्लेक्स लागलाय. कष्टाळू, मनमिळाऊ, निर्व्यसनी. कष्टाळू खरं. निर्व्यसनी तर शंभर टक्के खरं, सुपारीसुद्धा कधी तोंडात टाकली नाहीत. मनमिळाऊ कुणी घातलं माहीत नाही; फ्लेक्सवाल्याकडं तो शब्द तयारच असणार. फ्लेक्सवर मावलं नाही ते मी इथं लिहिते. तुम्ही ऐकून घ्या. आता उठून आत जाता येणार नाही तुम्हाला.

तुमचा जन्म एक जूनचा. मास्तरला तारीख ठाऊक नसली की तो एक जून लिहायचा. तुमच्या पिढीतला अर्धा मराठवाडा एक जूनला जन्मलाय. बहात्तरच्या दुष्काळात तुम्ही रस्त्याच्या कामावर खडी फोडलीत, सुकडी खाल्लीत, मिलोच्या भाकरी खाल्ल्यात. मग एका ट्रकच्या हौद्यात बसून पिंपरीला आलात. कासारवाडीला एका खोलीत नऊ माणसं, तीन खाटा, तीन शिफ्ट. खाट कधी गार पडायची नाही, असं सांगायचात. पुढं आणीबाणी आली. कॉलेजात तिच्याबद्दल वाचून मी तावातावानं तुम्हाला विचारायला आले, "तेव्हा तुम्ही काय केलंत?" तुम्ही म्हणालात, "लोकल टायमात यायची. मला पंधरा मिंटं झोप जास्ती भेटायची." संपली तुमची आणीबाणी. गेटवर सगळ्या रंगांचे झेंडे आले, गेले. तुम्ही सगळ्यांची पत्रकं घेतलीत आणि एकाच्याही सभेला गेला नाहीत. कोरोनाच्या टाळेबंदीत नाशिक रस्त्यानं माणसं पोरं खांद्यावर घेऊन चालत निघाली. मी टीव्हीसमोर रडत होते. तुम्ही म्हणालात, "हातपाय धड हायत न्हवं त्यांचं? मग कशाला रडायलीस?"

जगात काहीही होवो, तुमची मोजपट्टी एकच. धड आहे ना? मग चाललं.

आता पाचरीचं.

पिंपरीच्या कंपनीत नवी प्रेस आली, दोन बटणांची. एक डाव्या हाताला, एक उजव्या. दोन्ही एकदम दाबली तरच वरचा साचा खाली येणार. म्हणजे साचा येतो तेव्हा दोन्ही हात बटणांवर, आणि बटणांवर म्हणजे मशीनच्या बाहेर. ज्यानं कुणी ही युक्ती काढली, त्याला माणसाचे हात माणसापाशीच राहावेत असं वाटत होतं. तुम्हाला वाटलं, डावा हात फुकट अडकून पडतोय.

तुम्ही बाभळीचा तुकडा घरी आणलात. रविवारी दारात बसून तासलात. चार बोटं लांब, एका टोकाला निमुळता, दुसऱ्या टोकाला अंगठा बसेल अशी खाच. ती पाचर डाव्या बटणाच्या फटीत ठोकली की बटण दाबलेलंच राहायचं. आता उजव्या हातानं बटण, डाव्यानं पत्रा आत सरकवायचा आणि साचा यायच्या आत हात काढायचा. तोंडानं एक ताल धरायचात तुम्ही, हं-हं-हूं. हूंला हात बाहेर. तुमचा माल सगळ्यांच्या पुढं जायला लागला.

साहेबानं आठ दिवसांत ओळखलं. कसं करतोस, हे मात्र विचारलं नाही. विचारलं असतं तर पाचर काढून घ्यावी लागली असती. त्यानं फळ्यावरचा आकडा तेवढा बदलला. तुमचा जेवढा माल, तेवढं आजपासून प्रत्येकाचं टार्गेट.

दुसऱ्या दिवसापासून पाचरीशिवाय कुणाचंच टार्गेट पुरं होईना. मग माणसं तुमच्याकडं आली. "सोपानराव, आमालाबी एक द्या की."

इथं तुम्हाला नाही म्हणता आलं असतं, आबा. माझी पाचर काढतो, आकडा खाली आणा, असं साहेबाला म्हणता आलं असतं. एका माणसाच्या हुशारीनं सगळ्यांच्या गळ्याला फास बसला, हे तुम्हाला कळलं नव्हतं असं मी मानत नाही. तुम्ही हुशार होतात, हाच तर माझा आरोप आहे. पण तुम्ही पुढच्या रविवारी आणखी बाभूळ आणलीत. कुणाकडून चहासुद्धा घेतला नाहीत. म्हणून लोक अजून तुम्हाला देवमाणूस म्हणतात. तीन बोटांनी नमस्कार करतात.

पहिलं बोट गेलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "लक्ष न्हवतं त्याचं." दुसरं गेलं तेव्हा, "ताल चुकला." पुढं तुम्ही सेटर झालात. सेटर साचा बसवतो, जुळवतो, एकदोन ठोके मारून बघतो आणि बाजूला होतो. दिवसभर हात घालायचा तो दुसऱ्यानं. दहा बोटं राहण्याचं अर्धं कारण ताल. उरलेलं अर्धं हे. ते तुम्ही लग्नात पंजे पसरताना कधी सांगितलं नाहीत.

आता जे लिहायचंय ते लिहायला मला जड जातंय, कारण त्यानं माझा राग पातळ होतो.

मी आज चाकणच्या गेटांवर पत्रकं वाटते. ती लिहायला मला कामगार संघटनेनं शिकवलं नाही, तुम्ही शिकवलंत. जन्मात एका मोर्चाला न गेलेला माणूस माझा गुरू. माझं पहिलं पत्रक तुम्हाला दाखवलं होतं. 'भांडवली व्यवस्थेच्या दुष्टचक्रात' अशी सुरुवात. तुम्ही चष्मा लावलात, कानावरची पेन्सिल काढलीत आणि आख्खा पहिला परिच्छेद खोडलात.

"आवं आबा!"

"काय आवं? शिफ्ट सुटल्यालं माणूस हाय ते. भूक लागलीया, मुतायला लागलंय. गेटातनं भाईर पडलं की तीन पावलं वाचतंय. चवथ्या पावलाला कागद खाली."

"तुम्हाला काय माहीत?"

"मी टाकल्यात न्हवं कागद. पोत्यानं टाकल्यात. कंचा टाकला आन कंचा खिशात घातला, मला इचार."

त्या दिवसापासून माझं एकही पत्रक तुमच्या पेन्सिलीखालून गेल्याशिवाय छापलं गेलं नाही. तुम्ही मजकुराबद्दल अवाक्षर बोलायचा नाहीत. ओव्हरटाइमचं असो, कंत्राटी बायांच्या संडासाचं असो, फक्त 'लांब', 'लांब', 'हे कुणाला कळतंय' असं समासात लिहायचात. चित्र चुकलं असेल तर दुरुस्त करायचात. एकदा मी नटाला स्क्रू म्हटलं म्हणून दोन दिवस माझ्याशी बोलला नव्हतात. चुकीचं कुठं दिसलं की तुमचा हात थांबायचा नाही. हे लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

पिंपरीच्या कंपनीनं तुम्हा जुन्यांना एकरकमी पैसे देऊन घरी बसवलं. तुम्ही बसला नाहीत. चाकणजवळ निघोज्याच्या शेतांवर पत्र्याच्या शेड उभ्या राहिल्या होत्या, मोठ्या कंपन्यांना सुटे भाग पुरवणाऱ्या. त्यातल्या एकीत तुम्ही सेटर म्हणून लागलात, टाळेबंदी येईपर्यंत. तिथं तुमची पाचर म्हणजे रीत झाली. खंडेनवमीला मशीनला झेंडूचा हार, कुंकू, नारळ. तुम्ही हात जोडायचा नाहीत. "आपलं न्हवं ते," म्हणून बाजूला उभे राहायचात. पूजा झाली, पेढे झाले, की तिथल्या साहेबांच्या देखत त्या वर्षी नव्यानं लागलेल्या प्रत्येकाला तुम्ही पिशवीतून काढून एकेक पाचर द्यायचात. दुसऱ्याचा देव चालत नव्हता. दुसऱ्याचा हात चालत होता.

टाळेबंदीच्या आदल्या खंडेनवमीला तुम्ही एक पाचर सुनीताच्या हातावर ठेवलीत. सुनीता परभणीकडची. नवरा रिक्षा चालवतो, हिची प्रेसवर कंत्राटी नोकरी. दोन वर्षांपूर्वी तिच्या डाव्या हाताची तीन बोटं त्याच मशीनमध्ये राहिली. तिनं नुकसानभरपाईचा दावा लावला, तर शेडच्या मालकानं लेखी उत्तर दिलं: कामगार महिलेनं सुरक्षा बटणात स्वतःहून लाकूड घातलं, व्यवस्थापनाला याची काहीही कल्पना नव्हती.

दावा या एका वाक्यावर अडकला. कल्पना होती, हे सांगणारं कुणीतरी हवं होतं. आत कामाला असलेला बोलणार नाही, त्याची उद्याची शिफ्ट जाईल. ज्याची कसलीच शिफ्ट जाणार नव्हती असा एकच माणूस होता आणि तो आमच्या घरात खुर्चीवर बसून माझी पत्रकं खोडत होता.

मी सुनीताला घरी घेऊन आले. चहाची बशी तिनं उजव्या हातात धरली. डावा पदराखाली.

"दाखीव," तुम्ही म्हणालात. तिनं पदर सारला. तुम्ही चष्मा लावून वाकून बघितलंत, एखादा बिघडलेला साचा बघावा तसं. मग मागं टेकलात. "डावाच हाय न्हवं? मग चाललं. उजवा असता तर वांदे झाले असते."

सुनीतानं बशी खाली ठेवली. "आजोबा, पाचर तुमीच दिलती. माझ्या हातावर ठिवून म्हणलात, पोरी, ही हाय तवर टार्गेटला भिऊ नको."

"कसली पाचर? मला काय म्हायत न्हाई."

"आबा!" मी ओरडले.

"वरडू नको. म्हायत न्हाई म्हणजे न्हाई."

तिला सोडायला मी स्टेशनपर्यंत गेले. वाटेत ती एवढंच म्हणाली, "ताई, म्हातारं खोटं बोलताना माझ्या हाताकडं बघत न्हवतं. पायाकडं बघायलं होतं."

सहा शब्द मागत होते मी तुम्हाला. पाचर मी दिली, साहेबांच्या सांगण्यावरून दिली. सकाळी मागितले, जेवताना मागितले. तुम्ही ताट सरकवून उठायला लागलात. मग मी जे केलं ते केलं.

पत्रक काढलं. मथळा: 'ही पाचर कुणाची?' खाली चित्र, दोन बटणं आणि एका बटणात पाचर. त्याखाली सुनीताच्या हाताची हकीकत आणि शेवटी: 'एका जुन्या सेटरला उत्तर माहीत आहे.' हे पहिलं पत्रक, जे तुम्हाला न दाखवता छापलं. ते गेटवर वाटायच्या आधी मी स्टेशनबाहेरच्या बाकावर वाटलं, जिथं तुम्ही निवृत्त मंडळी संध्याकाळी बसता. एकेकाच्या हातात दिलं. शेवटचं तुमच्या हातात.

तुमच्या अंगठेवाल्या सोबत्यानं ते मोठ्यानं वाचलं. मग हसला. "सोपान, तुझी नात लई भारी ल्हितीया. आमच्याच बोटांची जाहिरात केली की!" दुसरा म्हणाला, "माझीबी घे गं पोरी, अजून दोन शिल्लक हायत." सगळे हसले. कुणी तुमच्यावर चिडलं नाही. कुणी शिवी दिली नाही. ते हसत हसत उठले, गुडघे धरत आपापल्या घरी गेले. दुसऱ्या दिवसापासून त्या बाकावर तुमच्या शेजारी कुणी बसेना. तुम्ही तीन संध्याकाळी एकटे बसलात आणि चौथ्या दिवसापासून बाहेर पडणं बंद केलंत.

मला वाईट वाटलं नाही. खरं तेच लिहिते. मला वाटलं, आता फुटाल.

आणि तुम्ही फुटलात. पण कसे! त्या आठवड्यात एका सकाळी ते पत्रक माझ्या टेबलावर पडलेलं दिसलं. पेन्सिलीनं दुरुस्त केलेलं. दोन वाक्यांवर काट मारून समासात 'लांब'. आणि चित्र. मी प्रेसवर कधी उभी राहिले नाही, मी पाचर उजव्या बटणात दाखवली होती. तुम्ही ती खोडली होतीत. डाव्या बटणाकडं बाण काढून लिहिलं होतंत: 'डावीकडं. आणि वरून नाही, खालून ठोकतात.'

मला काही माहीत नाही म्हणणारा माणूस! खोटं बोलणं तुम्हाला जमलं, पण चुकीचं चित्र बघवलं नाही.

मी कागद घेऊन तुमच्यासमोर नाचले. शब्दशः नाचले. "सापडलात! सापडलात आबा! आता काय सांगाल?" मी आणखी पुढं गेले. "तुमची दहा बोटं का राहिली माहितीय? दुसऱ्यांची गेली म्हणून!"

तेव्हा तुम्ही पहिल्यांदा माझ्याकडं सरळ बघितलंत. "आन तू? तू कशावर उभी हायस?"

मी दार आपटून निघून गेले. माझी शाळा, माझं कॉलेज, माझ्या पायातली चप्पल. पप्पांची नोकरी सारखी जात-येत होती तेव्हा या घरात येणारा पैसा एकाच ठिकाणाहून येत होता.

हे आपलं शेवटचं बोलणं. त्यानंतर आठ दिवस आपण एकमेकांना ताट वाढलं, पाणी दिलं, बोललो नाही. नवव्या दिवशी दुपारी तुम्ही जेवलात, हात धुतलेत, टॉवेलला बोट-न्-बोट पुसलंत आणि खुर्चीत बसल्या बसल्या गेलात. सहा शब्द घेऊन गेलात.

तिसऱ्या दिवशी मी ते दुरुस्त केलेलं पत्रक वकिलांकडं नेलं. त्यांनी उलटसुलट केलं. "म्हाताऱ्यानं पेन्सिल चालवली, एवढंच यातनं निघतं. आणि आता उलटंच होणार बघ. सगळं ते तुझ्या आजोबांवर ढकलणार. मयत सेटरचा वैयक्तिक उद्योग, म्हणतील. मेलेला माणूस उलटतपासणीला येत नाही." मी बाहेर आले. पहिल्यांदा मला तुमच्यासाठी राग आला. तुमच्यावर नव्हे, तुमच्यासाठी. मला सवय नव्हती.

मग तुमचा जलदान विधी. समाजमंदिरात पांढऱ्या सतरंज्या, हार घातलेला तुमचा फोटो, फोटोत पंजे दिसत नाहीत. बुद्धवंदना झाली. नंतर नेहमीप्रमाणे एकेक जण माइकवर येऊन चार शब्द बोलू लागला. शेडमधून दोघं आले होते. एक तरुण एचआरवाला, मोठा हार घेऊन. आणि दुसरे राऊत साहेब, तिथले जुने सुपरवायझर, मागच्या वर्षी निवृत्त झालेले. तुमचा त्यांच्यावर जीव होता आणि त्यांचा तुमच्यावर. दाव्यात कंपनीनं काय लिहून दिलंय, हे त्यांना कुणी सांगितलेलं नव्हतं. निवृत्त माणसाला कोण काय सांगतं?

राऊत साहेब माइकवर आले आणि रडले. खरे रडले. मग डोळे पुसून म्हणाले, "सोपानराव म्हणजे आमच्या शेडचा हिरा. नवीन माणूस लागला की मी आधी त्यांच्याकडं पाठवायचो. खंडेनवमीला मीच म्हणायचो, सोपानराव, वाटा तुमचा प्रसाद! काय ती पाचर! देव्हाऱ्यातला देव कुणी घडवणार नाही अशी घडवायचे. त्या पाचरीवर आम्ही ऑर्डरी काढल्या, मंडळी. मालक स्वतः म्हणायचे, सोपानची पाचर आहे तोवर मला दुसरी प्रेस घ्यायला नको."

एचआरवाला उठून त्यांचा शर्ट मागून ओढायला लागला. साहेबांनी हात झटकला. "थांबा हो! बोलू द्या. माझा माणूस गेलाय."

कोपऱ्यात फोटोग्राफरचा कॅमेरा चालू होता. आपल्याकडं मयताचा कार्यक्रमही लग्नासारखा आख्खा शूट होतो, तुम्हाला माहीतच आहे. त्याच्या लाल दिव्याकडं मी बघत राहिले. जे तुम्ही जिवंतपणी बोलला नाहीत, ते तुमचं कौतुक करता करता दुसरं कुणीतरी बोलून गेलं.

शेवटी फुलं वाहायला रांग लागली. सुनीता पांढरी साडी नेसून आली होती. तिनं फूल डाव्या हातात धरलं, अंगठा आणि करंगळीच्या चिमटीत. मागून कुणीतरी कुजबुजलं, "उजव्या हातानं वाहा गं बाई." ती मागं न बघता म्हणाली, "ह्योच हात वळकतेत ते."

घरी आल्यावर पप्पांनी मला विचारलं, "त्या शूटिंगचं काय करणार?"

"वकिलांना देणार."

"त्यात माझ्या बापाचं नाव आहे. दर वाक्यात आहे. कोर्टात वाचून दाखवतील, सोपानची पाचर, सोपानची पाचर. मेला तो. आता तरी सोड त्याला." मग आवाज खाली आणून म्हणाले, "तुझ्या फीच्या पावत्या अजून कपाटात आहेत. त्याच हातांनी भरल्यात."

"माहितीय," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी शूटिंग दिलं. वकिलांनी ते दोनदा बघितलं. राऊत साहेब उद्या फिरतील, दबाव येईल, म्हणाले. पण 'आम्हाला कल्पना नव्हती' हे वाक्य आता मालकाला तोंड वर करून म्हणता येणार नाही. सुनीताचा दावा पुन्हा उभा राहिलाय. पप्पा माझ्याशी बोलत नाहीत. ताट वाढतात, पाणी देतात. घरात ती पद्धत तुम्हीच पाडलीत.

आबा, माफी मागणार नाही. बाकावर ते कागद वाटल्याबद्दलही नाही. तुम्हीही सुनीताची मागितली नाहीत. पण एक सांगते. काल नवं पत्रक लिहिलं आणि सवयीनं तुमच्या खुर्चीपाशी घेऊन गेले. खुर्चीवर कुणी घडी घातलेले कपडे ठेवले होते. मग मीच तुमची पेन्सिल घेतली. पहिला परिच्छेद खोडला. चित्र जुनंच घेतलं होतं, त्यातली पाचर डावीकडं नेली, खालून ठोकलेली दाखवली. तुमच्या प्रश्नाचं उत्तरही एका ओळीत लिहिलं होतं: मी त्याच पाचरीवर उभी आहे. दोनदा वाचलं. त्यावर काट मारली आणि समासात 'लांब' लिहिलं.

उरलं ते एवढंच: 'सोपान सेटरनं पाचर तासली. मालकानं ती वाटायला लावली. हात आपले गेले.'

आज दुपारी शिफ्ट सुटायच्या आधी निघोज्याच्या गेटवर जाऊन चालून बघितलं. तीन पावलांत वाचून होतं.

तुमचं नाव पहिल्या पावलाला येतं.